पडद्यावरचा दुसरा माणूस : क्लॉड रेन्स

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेत हॉलिवूडच्या एका नटाविषयी बोलण्याचे औचित्य काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्यातही हा नट नायकांपैकी नव्हे. ज्याचा चेहरा पाहिल्याबरोबर 'अरे, हा तर त्या अमुक चित्रपटातला' असे आपण म्हणतो आणि नाव मात्र पटकन आठवत नाही, अशा नटांच्या मालिकेतला तो एक. त्याचे नाव क्लॉड रेन्स.

विषयाची निवड मी दोन कारणांनी केली. पहिले कारण ग्रंथालयाशी थेट संबंधित आहे. रेन्स यांच्या भूमिकांची यादी समोर ठेवली, तर एखाद्या चांगल्या वाचनालयातले कथा-कादंबऱ्यांचे कपाट उघडल्यासारखे वाटते. एच. जी. वेल्स, चार्ल्स डिकन्स, मार्क ट्वेन, गास्ताँ लरू, जॉर्ज बर्नार्ड शॉ, आर्थर कॉनन डॉइल, आर्थर कोस्लर या सर्वांच्या लेखनावर आधारलेल्या कृतींत या एका माणसाने कामे केली. पुस्तकातली माणसे पडद्यावर किंवा रंगमंचावर उभी करणे हाच त्याचा जन्मभराचा व्यवसाय होता.

दुसरे कारण थोडे अधिक खोल आहे. कोणत्याही कार्यात पहिल्या स्थानी उभी राहणारी माणसे मोजकीच असतात, आणि कार्य चालते ते दुसऱ्या स्थानी उभ्या असणाऱ्यांच्या बळावर. शंभर वर्षे टिकलेल्या संस्थेच्या सभासदांना हे मी सांगायला नको. कोनशिलेवर नाव एकाचे असते. पुस्तकांना पुठ्ठे घालणारे, वर्गणीसाठी दारोदार फिरणारे, संध्याकाळी दिवा लावून दार उघडे ठेवणारे वेगळेच असतात. तेव्हा दुय्यम काम म्हणजे कमी प्रतीचे काम काय, हा प्रश्न मला या नटाच्या निमित्ताने आपणांसमोर मांडायचा आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. इंग्रजीत ज्याला 'कॅरेक्टर अ‍ॅक्टर' म्हणतात, त्याला आपल्याकडील चित्रपटविषयक लेखनात 'चरित्र अभिनेता' हा शब्द रूढ झाला आहे. हा शब्द मराठी कानाला जरा चकवतो. मराठीत 'चरित्र' म्हणजे जीवनवृत्तांत. त्यामुळे चरित्र अभिनेता म्हणजे थोर पुरुषांच्या जीवनावरील नाटकांत काम करणारा नट, अशी एखाद्याची समजूत व्हायची. मूळ कल्पना निराळी आहे. नायक आपले व्यक्तिमत्त्व घेऊन चित्रपटात येतो आणि भूमिका त्याच्या मापाने बेतली जाते. चरित्र अभिनेता मात्र स्वतः भूमिकेच्या मापाचा होतो. आज तो डॉक्टर असतो, उद्या न्यायाधीश, परवा दारूच्या गुत्त्यातला बडबड्या. त्याच धातूपासून आलेला आणखी एक शब्द आपल्या भाषेत आहे, तो म्हणजे 'चारित्र्य'. रेन्स यांच्या बाबतीत मला तोच अधिक जवळचा वाटतो. तो का, हे पुढे स्पष्ट होईल.

विल्यम क्लॉड रेन्स यांचा जन्म १० नोव्हेंबर १८८९ रोजी दक्षिण लंडनमध्ये झाला. वडील फ्रेड रेन्स हेही नट होते. पण घरची स्थिती बेताची होती आणि भावंडांपैकी बहुतेक बालपणीच दगावली. मुलाची बोली लंडनच्या गरीब वस्तीतली, म्हणजे ज्याला 'कॉकनी' म्हणतात ती. त्यात जिभेचा दोष. तो अडखळत बोले आणि 'र' हा वर्ण त्याला उच्चारता येत नसे. ज्याचे आडनावच 'र'ने सुरू होते, त्याला स्वतःचे नाव नीट सांगता येऊ नये, यापरते दुर्दैव कोणते? आपले नाव तो 'विली वेन्स' असे सांगे.

दहा-अकरा वर्षांचा असताना हा मुलगा रंगभूमीच्या आश्रयाला आला. त्या काळचे प्रख्यात नट आणि नाट्यगृहचालक हर्बर्ट बीरबोम ट्री यांच्या 'हिज मॅजेस्टीज' नाट्यगृहात तो नटांना प्रवेशाची वर्दी देणारा पोऱ्या झाला. पुढे प्रॉम्प्टर झाला, मग रंगमंच-व्यवस्थापक. पडद्यामागे उभे राहून दुसऱ्यांची वाक्ये ओठांवर घोळवण्यात त्याची कित्येक वर्षे गेली. बीरबोम ट्री यांनी या मुलातले पाणी ओळखले आणि उच्चारशास्त्राच्या शिकवणीसाठी पदरचे पैसे दिले. पुढे ज्या आवाजाने दोन खंडांतील प्रेक्षक मोहून गेले, तो मखमली, किंचित खर्जातला, प्रत्येक अक्षर तोलून टाकणारा आवाज जन्मजात नव्हता. एका गरीब मुलाने तो घोकून, घासून, वर्षानुवर्षे राबून मिळवलेला होता.

या गोष्टीला दुसरीही बाजू आहे, आणि आपल्यासारख्या अनेक भाषांच्या सीमेवर राहणाऱ्यांना ती चटकन उमगेल. कमावलेली भाषा पोट भरते आणि मानही देते. पण ती आत्मसात करताना घरची बोली दाराबाहेर ठेवावी लागते. इंग्लंडात त्या काळी माणूस तोंड उघडताच त्याचा वर्ग कळे. रेन्स यांनी पडद्यावर सरदार, राजपुत्र, सिनेटर आणि मुत्सद्दी रंगवले. त्या भूमिकांच्या भाषेत त्यांचा जन्म झाला नव्हता. ती शिकताना त्यांनी जी सावधगिरी अंगी बाणवली, ती त्यांच्या बोलण्यात शेवटपर्यंत राहिली. प्रत्येक वाक्य ते जणू आधी स्वतः तपासून मग उच्चारीत. ढोंगी, चतुर आणि मनातले मनात ठेवणाऱ्या पात्रांना ही लकब अचूक उपयोगी पडली.

पहिल्या महायुद्धात रेन्स 'लंडन स्कॉटिश' या पलटणीत साधे शिपाई म्हणून भरती झाले. पुढे हॉलिवूडमध्ये गाजलेले बेसिल रॅथबोन, रोनाल्ड कोलमन आणि हर्बर्ट मार्शल हे तिघेही याच पलटणीत होते, हा एक विलक्षण योगायोग. मार्शल यांचा पाय युद्धात गेला. कृत्रिम पाय लावून ते जन्मभर नायकाच्या डौलाने वावरले. फ्रान्समधील विमीच्या परिसरात झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यात रेन्स यांच्या एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ पूर्णपणे गेली. युद्ध संपले तेव्हा ते कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत चढले होते. एका डोळ्याने जवळपास अंध असलेला हा माणूस पुढे चार दशकांहून अधिक काळ प्रकाशझोतांसमोर उभा राहिला, आणि प्रेक्षकांना त्याची शंकाही आली नाही.

युद्धानंतर त्यांनी लंडनच्या रंगभूमीवर नाव मिळवले आणि बीरबोम ट्री यांनीच स्थापन केलेल्या 'रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट' या संस्थेत अध्यापनही केले. जॉन गिलगुड आणि चार्ल्स लॉटन हे त्यांचे विद्यार्थी. ज्याला आपले आडनाव उच्चारता येत नव्हते, त्याच्यापाशी इंग्लंडची पुढची पिढी शब्द कसे टाकावेत हे शिकली. विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात ते अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर स्थिरावले. पर्ल बक यांच्या 'द गुड अर्थ' या कादंबरीवरील नाटकात, १९३२ साली, त्यांनी वांग लुंग या चिनी शेतकऱ्याची भूमिका केली.

चित्रपटसृष्टीतला त्यांचा खरा प्रवेश चव्वेचाळिसाव्या वर्षी झाला, आणि तोही कसा? दिसेनासे होऊन! दिग्दर्शक जेम्स व्हेल हे एच. जी. वेल्स यांच्या १८९७ सालच्या 'द इन्व्हिजिबल मॅन' या कादंबरीवर चित्रपट काढत होते. ज्याचा चेहरा दिसणार नाही अशा नायकासाठी त्यांना आवाज हवा होता, आणि रेन्स यांच्या पडदा-चाचणीतला आवाज ऐकून त्यांनी याच माणसाचा आग्रह धरला, असे सांगतात. १९३३ साली आलेल्या या चित्रपटात रेन्स बहुतेक वेळ चेहऱ्यावर पट्ट्या गुंडाळून आणि काळा चष्मा लावून वावरतात. पट्ट्या सोडल्या की आत काहीच नसते. काळ्या मखमलीच्या पार्श्वभूमीसमोर काळ्या मखमलीने झाकलेल्या शरीरावर कपडे चढवून त्याचे चित्रण करायचे, आणि मग ते दुसऱ्या चित्रणावर बसवायचे, अशी ती करामत होती. तिचे श्रेय जॉन फुल्टन यांचे. परंतु करामतीने चमत्कार साधतो, माणूस उभा राहत नाही. माणूस उभा केला तो आवाजाने. कुतूहल, घमेंड, संताप, वेडाची पहिली लहर, आणि अखेरीस मृत्युशय्येवरचा पश्चात्ताप, हे सारे एकट्या आवाजाने सांगितले. शेवटच्या काही क्षणांत प्राण गेल्यावर हळूहळू चेहरा प्रकट होतो आणि चित्रपट संपतो. प्रेक्षकाला नटाचे पहिले दर्शन घडले ते त्या पात्राच्या मृत्यूनंतर. चरित्र अभिनेत्याच्या आयुष्याचे इतके समर्पक रूपक कोणा कवीलाही सुचले नसते.

१९३५ साली रेन्स 'वॉर्नर ब्रदर्स' या कंपनीशी करारबद्ध झाले. त्या काळची स्टुडिओ-पद्धत ध्यानात घेतल्याशिवाय या नटांची कामगिरी कळणार नाही. मोठ्या कंपन्या नट-नट्या, लेखक, छायालेखक, शिंपी, सुतार या सर्वांना वर्षानुवर्षांच्या कराराने बांधून ठेवीत. करार बहुधा सात वर्षांचा. कंपनी देईल ती भूमिका करायची. नाकारली तर पगार बंद, आणि बंद काळातले दिवस कराराच्या मुदतीत पुन्हा जोडले जात. ऑलिव्हिया डी हॅविलंड या अभिनेत्रीने न्यायालयात जाऊन १९४४ साली या पद्धतीविरुद्ध निकाल मिळवला, तेव्हा कुठे ही बेडी सैल झाली. पण या बेडीचा एक चमत्कारिक लाभही होता. कंपनीपाशी शेकडो मुरलेले नट सदैव हजर असत आणि ते एकामागून एक चित्रपटांत येत राहत. १९३९ या एका वर्षात थॉमस मिचेल हे नट 'स्टेजकोच', 'गॉन विथ द विंड', 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन' यांसह पाच उल्लेखनीय चित्रपटांत दिसले. प्रेक्षकाला ही माणसे आपल्या आळीतल्या शेजाऱ्यांसारखी ओळखीची होत. पडद्यावर आल्याबरोबर अर्धी ओळख आपोआप होऊन जाई.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. रेन्स यांना ऑस्कर पारितोषिकासाठी चार वेळा नामांकन मिळाले, चारही वेळा साहाय्यक अभिनेत्याच्या विभागात. या चार भूमिका शेजारी ठेवून पाहिल्या, तर त्यांत एक समान सूत्र आढळते.

पहिली भूमिका १९३९ सालच्या फ्रँक काप्रा यांच्या 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन' या चित्रपटातील सिनेटर पेन यांची. नायक जेफर्सन स्मिथ म्हणजे जेम्स स्ट्यूअर्ट. भाबडा, निर्मळ, देशप्रेमी तरुण. पेन हे त्याच्या दिवंगत वडिलांचे मित्र. एकेकाळी आदर्शवादी असलेला हा माणूस आता एका धनदांडग्या राजकीय दलालाच्या मुठीत गेलेला आहे. पांढरे केस, भारदस्त चाल, वाणीत गोडवा आणि डोळ्यांत सतत एक अपराधी सावली. स्मिथ पहिल्या प्रसंगापासून शेवटपर्यंत चांगलाच असतो. दलाल शेवटपर्यंत वाईटच. मग कथेत बदलते कोण? बदलतात ते पेन. नायक सभागृहात बोलून बोलून थकून कोसळतो, तेव्हा पेन यांची सद्सद्विवेकबुद्धी उसळून वर येते. ते आधी स्वतःला संपवू पाहतात आणि मग सर्वांसमोर कबुली देतात. चित्रपटाचा विजय नायकाचा म्हणून ओळखला जातो; पण तो घडतो दुसऱ्या माणसाच्या अंतःकरणात.

दुसरी भूमिका 'कॅसाब्लांका'मधील कॅप्टन रेनो यांची. हा चित्रपट नोव्हेंबर १९४२ मध्ये न्यूयॉर्कला प्रथम दाखवला गेला. जर्मनांपुढे नमलेल्या व्हिशी सरकारचा हा फ्रेंच पोलीस अधिकारी वारा येईल तशी पाठ फिरवणारा, लाच खाणारा, अगतिक स्त्रियांचा गैरफायदा घेणारा. आणि तरीही त्याच्यावर पूर्ण रागावता येत नाही. जुगार चालतो म्हणून तो उपाहारगृह बंद करवतो आणि त्याच क्षणी जुगारात जिंकलेले त्याचे पैसे त्याच्या हाती आणून दिले जातात. रेन्स या प्रसंगी पापणीही लववत नाहीत. येथे नायकही बदलतो, हे खरे. हम्फ्री बोगार्ट यांचा रिक अलिप्तपणा सोडून त्याग करतो. परंतु त्या त्यागाचे काय होणार, हे रेनोच्या एका वाक्यावर अवलंबून असते. जर्मन अधिकारी मरून पडला आहे, शिपाई धावत आले आहेत, मारणारा समोर उभा आहे. रेनो क्षणभर थांबतो. आणि नेहमीच्या संशयितांना धरून आणण्याचा हुकूम देतो. त्या एका क्षणाच्या विरामात एक लाचखाऊ माणूस आपला पक्ष निवडतो. मग तो व्हिशीचे नाव असलेली पाण्याची बाटली कचऱ्याच्या टोपलीत टाकतो आणि टोपलीला लाथ मारतो.

या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ज्या चौदा कलावंतांची नावे आहेत, त्यांपैकी अमेरिकेत जन्मलेले केवळ तीन होते. उरलेल्यांत काही जण हिटलरच्या राजवटीतून खरोखरच जीव वाचवून आलेले. छोट्या छोट्या भूमिकांतील त्या चेहऱ्यांवर जे दिसते, ते सारेच अभिनयाने आणलेले नाही.

तिसरी भूमिका १९४४ सालच्या 'मिस्टर स्केफिंग्टन'मधील ज्यू सावकाराची. रूपगर्वितेची भूमिका बेटी डेव्हिस यांनी केली आहे. आपल्या आवडत्या सहकलाकारांत त्या रेन्स यांचे नाव आवर्जून घेत. पती तिच्यावर मूकपणे प्रेम करतो, अवहेलना सोसतो, दूर जातो आणि अखेरीस नाझी छळछावणीतून आंधळा होऊन परततो. तोवर आजाराने तिचे रूप गेलेले असते. पण ते त्याला दिसतच नाही. त्याच्या मनातली ती पूर्वीइतकीच सुंदर आहे. एका डोळ्याची दृष्टी खरोखर गमावलेल्या नटाने आंधळ्याची ही भूमिका किती संयमाने केली आहे, हे पाहण्यासारखे आहे. कोठेही चाचपडण्याचे प्रदर्शन नाही.

चौथी भूमिका आल्फ्रेड हिचकॉक यांच्या १९४६ सालच्या 'नटोरियस'मधील सेबास्टियनची. हा नाझी कारस्थान्यांच्या टोळीतला, म्हणजे निःसंशय खलनायक. परंतु त्याचे आपल्या पत्नीवर खरे प्रेम आहे, आणि ती तर अमेरिकेने पेरलेली हेर आहे. नायक केरी ग्रँट तिला संकटात लोटतो आणि वर तिलाच टोचून बोलतो. खलनायक तिच्यावर जीव टाकतो. इन्ग्रिड बर्गमन यांची उंची रेन्स यांच्याहून जास्त होती, म्हणून काही दृश्यांत रेन्स यांच्यासाठी जमिनीला चढ द्यावा लागला, हे हिचकॉक यांनीच नमूद केले आहे. त्या उंचीच्या फरकामुळे सेबास्टियनचे दुबळेपण आणि त्याची असुरक्षितता अधिकच जाणवते. शेवटी नायक तिला घेऊन मोटारीत बसतो आणि दार आतून बंद करून घेतो. मागे दारात टोळीतले सोबती वाट पाहत उभे आहेत. सेबास्टियन वळतो आणि पायऱ्या चढून स्वतःच्या मरणाकडे चालू लागतो. प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो खरा. पण त्याची नजर त्या पाठमोऱ्या माणसावर खिळलेली असते.

म्हणूनच मी मघाशी 'चारित्र्य' या शब्दाचा उल्लेख केला. त्या काळच्या लोकप्रिय चित्रपटात नायकाला फारसे बिघडता येत नसे आणि खलनायकाला फारसे सुधारता येत नसे. चांगले-वाईट यांच्या मधला जो विस्तीर्ण प्रदेश आहे, जेथे आपण बहुतेक सारे राहतो, तो दुसऱ्या माणसाच्या वाट्याला येई. मोह, भीती, लाज, तडजोड आणि क्वचित एखाद्या क्षणी अचानक सुचलेले धैर्य यांचे घर तेथे आहे. नायकासारखे व्हावे असे आपल्याला वाटते. पण सिनेटर पेन आपल्या ओळखीचा असतो. कचेरीत, पंचायतीत, कधी आरशात आपण त्याला पाहिलेले असते. रेन्स यांनी या ओळखीच्या माणसाला कधी फटकारले नाही आणि कधी माफही केले नाही. त्याला त्यांनी समजून घेतले.

आता पारितोषिकांचे. साहाय्यक भूमिकांसाठी ऑस्कर देण्यास सुरुवात झाली ती १९३६ सालच्या चित्रपटांपासून, आणि पहिली काही वर्षे या विजेत्यांना पुतळा मिळत नसे, छोटे सन्मानचिन्ह बसवलेली पाटी मिळे. १९४३ सालच्या चित्रपटांपासून त्यांनाही पुतळा मिळू लागला. म्हणजे मान देतानाही दुसऱ्या माणसाला आधी दुय्यमच मान होता! रेन्स यांना तोही मिळाला नाही. पहिल्या वेळी थॉमस मिचेल जिंकले, दुसऱ्या वेळी चार्ल्स कोबर्न, तिसऱ्या वेळी बॅरी फिट्झगेराल्ड. चौथ्या वेळी पारितोषिक मिळाले ते हॅरॉल्ड रसेल यांना. रसेल हे व्यावसायिक नट नव्हते. ते सैनिक होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रशिक्षणाच्या वेळी झालेल्या स्फोटात त्यांचे दोन्ही हात गेले होते, आणि 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' या चित्रपटात त्यांनी हात गमावलेल्या सैनिकाचीच भूमिका केली. एका युद्धाने जखमी केलेला, ती जखम तीस वर्षे झाकून ठेवणारा नट, दुसऱ्या युद्धाची जखम उघडपणे घेऊन आलेल्या सैनिकापुढे हरला. या पराभवात मला अन्याय दिसत नाही. दोघांचीही मान त्यात उंच राहते.

पण दुय्यमपणाचे सरसकट गुणगान करावे, असे माझे म्हणणे नाही. ज्या समारंभात रेन्स पहिल्यांदा हरले, तो २९ फेब्रुवारी १९४० रोजी लॉस एंजेलिसच्या अँबेसेडर हॉटेलात झाला. त्याच रात्री 'गॉन विथ द विंड'मधील दाईच्या भूमिकेबद्दल हॅटी मॅकडॅनियल यांना साहाय्यक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. परंतु त्यांना आपल्या सहकलाकारांच्या सोबत बसू दिले नव्हते. त्यांच्यासाठी बाजूला एक वेगळे टेबल मांडले होते. आयुष्यभर मोलकरणीच्या भूमिका त्यांच्या वाट्याला आल्या त्या गुणांमुळे नव्हे, वर्णामुळे. एक दुसरे स्थान माणूस स्वीकारतो आणि त्याचे सोने करतो. दुसरे एक दुसरे स्थान त्याच्यावर लादले जाते. या दोहोंत भेद केला नाही, तर आपले कौतुक म्हणजे अन्यायावर घातलेले पांघरूण ठरेल.

रेन्स यांनी आपले स्थान कसे स्वीकारले? १९३९ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले. पुढे त्यांनी पेनसिल्व्हेनियात मोठी शेतवाडी घेतली आणि चित्रीकरण संपले की हॉलिवूडच्या मेजवान्यांऐवजी ते शेताकडे धाव घेत. त्यांचे खाजगी जीवन सुखाचेच होते, असे मात्र म्हणता येणार नाही. त्यांची सहा लग्ने झाली, एक मुलगी. पडद्यावर इतरांची अंतःकरणे इतकी नेमकी वाचणाऱ्या माणसाला घरात स्थैर्य मिळणे सोपे गेले नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्या मनासारखी घडली. १९५१ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आर्थर कोस्लर यांच्या 'डार्कनेस अ‍ॅट नून' या कादंबरीवरील नाटक आले. सिडने किंग्जली यांनी केलेल्या या रूपांतरात रेन्स यांनी रुबाशॉव्हची मध्यवर्ती भूमिका केली आणि त्यासाठी त्यांना रंगभूमीचे टोनी पारितोषिक मिळाले. त्या वेळी ते एकसष्ट वर्षांचे होते. ही भूमिका कोणाची? ज्या क्रांतीसाठी आयुष्य वेचले, तिच्याच तुरुंगात बसून आपल्या जुन्या पापांचा हिशेब मांडणाऱ्या माणसाची. सिनेटर पेन आणि कॅप्टन रेनो यांच्या सद्सद्विवेकाची काही क्षणांची धडपड येथे पूर्ण नाटकभर विस्तारली होती. दुसऱ्या माणसाची सारी तालीम जणू या पहिल्या माणसासाठीच झाली होती.

१९६२ सालच्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त ते पुन्हा दुसऱ्या स्थानी आले. वाळवंटात वादळ उठवणाऱ्या नायकामागे कैरोतील कचेरीत शांतपणे बसून सूत्रे हलवणारा ड्रायडन हा मुत्सद्दी त्यांनी साकारला. तेव्हा ते बहात्तरीच्या घरात होते. वाक्ये थोडी, हालचाल त्याहून थोडी. साम्राज्ये कशी चालतात हे त्या चेहऱ्यावरच्या मंद स्मितात कळते. ३० मे १९६७ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील लॅकोनिया येथे त्यांचे निधन झाले.

तोवर त्यांचे जगही विरत चालले होते. १९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपट कंपन्यांची चित्रगृहांवरील मक्तेदारी मोडण्याचा निकाल दिला, त्यात दूरदर्शनची स्पर्धा वाढली, आणि शेकडो नटांना वर्षभर पोसणे कंपन्यांना परवडेना. ते जुने चेहरे एकेक करून दिसेनासे झाले. सुदैवाने त्यांचे चित्रपट दिसेनासे झाले नाहीत. आज ते घरबसल्या पाहता येतात. आपण पाहाल, तेव्हा एक प्रयोग अवश्य करा. एकदा चित्रपट नेहमीसारखा पाहा; दुसऱ्यांदा पाहताना नायकावरची नजर काढून दुसऱ्या माणसावर ठेवा. तो बोलत नसतानाही काय करतो, कसे ऐकतो, कोणाची नजर चुकवतो, ते न्याहाळा. रेन्स उत्तम बोलत हे सर्वांना ठाऊक आहे. ते ऐकत त्याहून उत्तम. प्रॉम्प्टरच्या जागी उभे राहून दुसऱ्यांचे शब्द सांभाळण्यात ज्याचे तारुण्य गेले, त्यालाच ही विद्या साधते.

दुय्यम काम कमी प्रतीचे असते काय, या प्रश्नाचे उत्तर आपणांस मिळाले असेल. काम कोणत्या क्रमांकाचे हे श्रेयनामावली ठरवते. ते कोणत्या प्रतीचे हे करणारा ठरवतो. आणि जेथे क्रमांक गुणावर नव्हे तर जन्मावर ठरतो, तेथे श्रेयनामावलीच बदलायला हवी, हेही तितकेच खरे. ही दोन्ही वाक्ये एकत्र लक्षात ठेवली, तर एका दूरदेशीच्या नटावर आपण खर्च केलेली ही संध्याकाळ वाया गेली, असे कोणी म्हणणार नाही.